पन्नाशी, कंबर आणि सागरी महामार्ग: दोघांसाठी आरामाची मोटरसायकल कुठली घ्यावी?

दुपारचा_वारा

मंडळी, गाडी बदलायची आहे आणि तीन महिने व्हिडिओ बघून डोक्याचा पार भुगा झालाय. म्हणून इथे धागा काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, शिव्या देऊ नका.

राहतो रत्नागिरीत. वय ५२, उंची पाच फूट पाच, वजन ७४. सध्या दीडशे सीसीची साधी कम्यूटर आहे, अकरा वर्षं झाली, बिचारीने कधी वाटेत सोडलं नाही. मुलगा शिकायला बाहेर गेला, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे शनिवारी-रविवारी हिला घेऊन बाहेर पडायची सवय लागली आहे. एकदा आरे-वारेवरून गणपतीपुळे, जयगड, फेरीने तवसाळ, पुढे हेदवी-वेळणेश्वर. दुसऱ्या वेळी भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे करत जैतापूर. आणि वर्षातून तीन-चारदा आंबा घाटाने कोल्हापूर, सासुरवाडी आहे. दोघं आणि आंब्याची पेटी घेऊन दीडशेवर घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो.

दोन वर्षांपूर्वी कंबर धरली, एल-फोर एल-फाइव्ह, म्हणजे कमरेचे खालचे दोन मणके. डॉक्टरांनी गाडी बंद केली नाही, 'बसता कसं ते बघा' एवढंच म्हणाले.

बजेट तीन लाख, फार ओढलं तर सव्वातीन. कागदावर नावं लिहिलीत: हिमालयन ४५०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स, ३९० ॲडव्हेंचर, डॉमिनार ४००. ॲडव्हेंचर (खराब रस्त्यांसाठीची उंच गाडी) घेऊ की स्पोर्ट टूरर (लांब पल्ल्याची हायवेची गाडी) म्हणतात तसलं काही? वेगाची हौस नाही. उतरल्यावर वाकता आलं पाहिजे, इतकीच अपेक्षा.

किलोमीटरखाऊ

'उतरल्यावर वाकता आलं पाहिजे' ही व्याख्या कंपन्यांनी ब्रोशरवर छापायला हवी :)

स्पोर्ट टूररचं मी सांगतो, कारण माझ्याकडे व्हर्सिस ६५० आहे. आता ती मोजतात ॲडव्हेंचरमध्ये, पण दोन्ही चाकं १७ इंची, टायर रस्त्याचे, म्हणजे स्वभावाने ती टूररच. पुण्याहून बंगळूर करायला याच्यासारखं सुख नाही. दोन सिलिंडर, २१ लिटरची टाकी, काचेमागे शांत बसायचं. पण गाडी २१९ किलोची आहे. गेल्या वर्षी पूर्णगडच्या अलीकडे चुकीच्या बोळात शिरलो. दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, 'काका, तुम्ही मागे घेता की मी घेऊ?' मी घेतली. म्हणजे त्याने आणि कंडक्टरने मिळून माझी गाडी मागे ढकलली.

स्पोर्ट टूररला मोकळा, लांब, गुळगुळीत रस्ता लागतो. तुमच्या यादीतले रस्ते तसे नाहीत. पैसे असते तरी मी तुम्हाला ती घ्या म्हटलं नसतं.

घाटउतार

वरच्यांना अनुमोदन. तुमच्या यादीत खरी स्पर्धा दोघांत आहे. हिमालयन ४५०: ४५२ सीसी, पाण्यावर थंड होणारं इंजिन, ताकद ४० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ४० न्यूटन मीटर, सस्पेन्शनला पुढे-मागे २०० मिमी ट्रॅव्हल (चाक वरखाली व्हायची जागा), जमिनीपासून २३० मिमी उंच, १७ लिटर टाकी, वजन १९६ किलो. पुढचं चाक २१ इंची. आंबा घाटात साखरप्याच्या बाजूने दोघं बसून चढाल तेव्हा आता जिथे दुसरा लागतो तिथे चौथ्यावर जाल.

व्ही-स्ट्रॉम एसएक्स: २४९ सीसी, तेलावर थंड होणारं, साडेसव्वीस पीएस, १६७ किलो, पुढे १९ इंच. वजनात जवळपास तीस किलोंचा फरक आहे, म्हणजे आंब्याच्या मोठ्या पेटीपेक्षा जास्तच. आणि अलॉय व्हील, ट्यूबलेस.

मी स्वतः ४५० चालवतो, म्हणून माझं मत कुठे झुकणार हे उघड आहे. घ्या.

तेलकट_हात

ओ घाटउतार, त्यांची उंची वाचलीत का? पाच पाच. ४५०ची सीट ८२५ मिमी, व्ही-स्ट्रॉमची ८३५, आधीच्या ३९० ॲडव्हेंचरची ८५५. ८५५ वर हे बसले तर सिग्नलला शेजारच्या रिक्षाला हात लावून उभे राहतील.

मी गॅरेजवाला आहे, रत्नागिरीतच. माझ्याकडे ॲडव्हेंचर गाड्या पडून आलेल्या असतात. कशा पडतात सांगू? जंगलात नाही, नदीत नाही. घरासमोर पडतात. उतारावर थांबले, पाय टेकायला गेला, खाली जमीन अर्धा वीत लांब. गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की १६७ काय आणि १९६ काय, दोन्ही जातातच. लिव्हर मोडतो, इंडिकेटर मोडतो, मागे बसलेलं माणूस वेगळंच बोलायला लागतं.

दुपारचा_वारा, एक करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन पायांत एक जाडं पुस्तक वर दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण. जमिनीपासून ती खूण किती, ते इथे टाका. उंचीपेक्षा ते माप महत्त्वाचं.

दुपारचा_वारा

माप घेतलं. ७५५ मिमी. पुस्तक पंचांग होतं, जाडी कमी पडली असेल तर दोन मिमी इकडेतिकडे.

पावसाळी_शेवाळ

मी पाच फूट दोन, आणि एक्सपल्स २०० चालवते, सीट ८२५. तेव्हा फक्त आकड्यावर जाऊ नका. सीट पुढे किती अरुंद आहे यावर बरंच असतं. रुंद सीट असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढा आखूड होतो. शिवाय तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन दबतं, दोन-तीन इंच तिथे मिळतात. मी थांबताना डाव्या बाजूला अर्धं सरकते, एकच पाय पूर्ण टेकवते, उजवा ब्रेकवर. सवयीने जमतं.

पण (आणि हा मोठा पण आहे) मी एकटी चालवते. मागे कोणी असेल तर सीटवरून सरकता येत नाही. सरकलात तर मागचं माणूसही कलतं.

बांगडो_तळलेलो

एक सांगतंय. खंयचीय गाडी घेयात, पण वाळूत घालू नकात. गणपतीपुळ्याक पोरां येतत, ॲडव्हेंचर म्हणान दर्यार गाडी घालतत. खारां पाणी चेनीक लागलां काय महिन्याभरात गंजान खाल्ली समजा. आणि पोलीस पकडतत तां वेगळां.

घाटउतार

बांगडो, मान्य. त्यात भर: कातळावरही घालू नका. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी लोक रील काढायला गाडी सड्यावर चढवतात. हजारो वर्षं टिकलेली रेघ टायरखाली जायला एक शनिवार पुरतो.

अवांतर झालं, क्षमस्व. तेलकट_हात, ४५०ला सीट ८४५ पर्यंत वर करता येते आणि कमी उंचीची वेगळी सीट घेतली तर ८०५ पर्यंत खाली येते, हे विसरलात.

तेलकट_हात

विसरलो नाही. सीट खाली आणली की फोम कमी होतो किंवा गुडघा जास्त दुमडतो. ज्याला कंबर आहे त्याला फोम कमी करून काय देणार? काही जण मागची लिंक बदलून गाडीच खाली बसवतात. मग साइड स्टँड लांब पडतो, गाडी उभी राहते जवळजवळ सरळ, आणि वाऱ्याने आडवी होते. तोही मोडलेला लिव्हर माझ्याकडेच येतो. माझा धंदा आहे, माझं काय जातं.

२१ इंची चाकाबद्दल मात्र तुमचं बरोबर. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, कडेवर सहज चढतं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डांबर वाहून जातं आणि खाली जांभ्याचे गोटे वर येतात, तिथे फरक कळतो. वळणावर थोडं जड लागतं, त्याची सवय होते.

कंबरपट्टा

मी फिजिओथेरपिस्ट, आणि स्वतः मोटरसायकल चालवतो. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं ऐका. सर्वसाधारण काय ते सांगतो.

लोकांना वाटतं ताठ बसलं की कमरेला चांगलं. चपट्या रस्त्यावर ठीक. खड्ड्यात मात्र ताठ कणा म्हणजे उभी काठी, खालून मारलेला दणका सरळ वर जातो. सगळ्यात वाईट क्रूझर: पाय पुढे, सगळं वजन माकडहाडावर, उठायला आधारच नाही. आरामखुर्चीसारखी दिसते म्हणून लोक घेतात आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात. दुसऱ्या टोकाला रेसिंगची बैठक, तीही नको, तिथे मनगटं आणि मान जाते.

तुम्हाला हवंय ते मधलं. फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) बरोबर बुडाखाली किंवा किंचित पुढे, हँडल इतकं रुंद आणि जवळ की कोपरात बाक राहील, अंग कमरेतून किंचित पुढे. म्हणजे खड्डा दिसला की पेगवर वजन देऊन दोन इंच उठता येतं, गुडघे शॉकॲब्सॉर्बरचं काम करतात. ॲडव्हेंचर गाड्यांची बैठक याच कारणासाठी तशी असते, उभं राहून चालवता यावं म्हणून. टेस्ट राइडला हे तपासा: चालत्या गाडीवर हँडल न ओढता नुसत्या पायांवर उठता येतं का? येत नसेल तर ती गाडी तुमची नाही, मग तिचे आकडे कितीही गोड असोत.

आणि पाऊण तासाने उतरा. जयगडची फेरी ही त्या दृष्टीने सरकारमान्य फिजिओथेरपी आहे.

मागच्या_सीटवरून

साठ प्रतिसाद होतील आणि मागे बसणारीला काय हवंय हे कोणी विचारणार नाही, याची खात्री होती. तेव्हा स्वतःच लिहिते.

मी अठरा वर्षं मागे बसते आहे. चार गाड्या झाल्या. मला सीसी कळत नाही. मला कळतं ते असं:

गाडीवर चढताना पाय कुठवर उचलावा लागतो. साडी सोडा, सलवार घातली तरी कमरेइतका पाय फेकायचा म्हणजे चाळिशीनंतर सोपं नाही. त्यात मागे बॅगा लावल्या की पाय टाकायला जागाच नसते. आमच्या तिसऱ्या गाडीला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या होत्या. मी एका स्टॉपला उतरताना माझी टाच पेटीत अडकली आणि मी चहाच्या टपरीसमोर बसलेच खाली. त्या दिवशीचा चहा मी न पिताच परत निघाले.

मग मागचे पेग. ते फार वर असले की गुडघे छातीशी येतात, अर्ध्या तासात मांड्या बधिर. सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मी नवऱ्याच्या पाठीवर, आणि तो म्हणतो 'सरक मागे'. कुठे सरकू? मागे धरायला कडी असेल तर दोन्ही हात मागे घेऊन ब्रेकला अडवता येतं. कडी कुठे आहे ते हात लावून बघा. नुसती दिसते छान, पण बोटं आत जात नाहीत अशाही असतात.

तुम्ही दोघंही टेस्ट राइडला जा. एकट्याने जाऊन तुम्ही गाडी आणाल, आणि वहिनी दुसऱ्या शनिवारी म्हणतील, 'आज तुम्हीच जाऊन या.' मग ती गाडी कोपऱ्यात.

किलोमीटरखाऊ

मागच्या_सीटवरून, दंडवत. हा प्रतिसाद मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, 'हे मी तुला २०१९ पासून सांगतेय.'

घाटउतार

माझीही तीच गत. असो.

बजेटबाबत एक व्यवहाराची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५०च्या वरच्यांवर ४० टक्के झाला. तेव्हा जुने व्हिडिओ बघून किमती धरू नका, व्ही-स्ट्रॉम आणि ४५० यांच्यातलं अंतर त्या वेळेपेक्षा वाढलंय. सव्वातीनमध्ये ४५० रत्नागिरीच्या रस्त्यावर येणं मलाही कठीण दिसतंय.

दुपारचा_वारा

सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. हिला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. 'मागच्या सीटवाल्या ताईंना माझा नमस्कार सांगा,' म्हणाली, आणि येते म्हणाली टेस्ट राइडला. आधी नको म्हणत होती.

अपडेट. रविवारी दोघं कोल्हापूरला गेलो (एसटीने, कंबर वाचवायला), मेव्हण्याबरोबर तीन शोरूम फिरलो.

एका ठिकाणी सेल्समनने हिला बघून विचारलं, 'मॅडम पण बसणार आहेत?' जणू मी हिला डिकीत घालून नेणार होतो. तिथे दोघांनी एकत्र राइड घेऊ दिली नाही, 'पॉलिसी नाही' म्हणे. निघालो.

व्ही-स्ट्रॉम मला मनापासून आवडली. हलकी, इंजिन गोड, काचेमागे वारा बऱ्यापैकी अडतो. पेगवर उठता येतं. एकटा होतो तेव्हा पंजे टेकत होते, ठीक वाटलं. ही मागे बसली आणि मी थांबलो तर हिच्या हलण्याबरोबर माझे पंजे लटपटायला लागले. सपाट जमीन होती हो, शोरूमचं पार्किंग. तवसाळच्या धक्क्यावर काय होईल ते डोळ्यांसमोर आलं.

४५०वर बसून पाहिलं. उठवताना स्टँडवरून वजन जाणवलं, चालत्यावर अजिबात नाही. इंजिन म्हणजे काय सांगू. मेव्हणा म्हणाला, 'भावजी, हसताय तुम्ही.' पण किंमत ऐकली आणि हसू थांबलं.

डॉमिनार: सीट ८००, पाय मस्त टेकले, घाट खायला ताकद भरपूर. दोन्ही चाकं १७ इंची आणि गाडी जमिनीला जवळ. रोज हायवे असता तर हीच घेतली असती. आमच्या पाखाडीतून बाहेर येताना जो उंचवटा आहे तो आठवला.

तर जिथे होतो तिथेच आहे. सगळ्या चांगल्या, आणि आमची एकही नाही.

पावसाळी_शेवाळ

दोन फूट ओला सिमेंटचा उतार, त्यावर शेवाळ, ओहोटी असेल तर फेरीची फळी आणखी तिरकी, मागून जीप हॉर्न मारतेय. ही टेस्ट राइड कुठलंच शोरूम देत नाही. तुम्ही ती मनात घेतलीत हे बरं केलंत. मी दाभोळ-धोपावे फेरीवर एकदा गेले आहे आडवी. कोळणीने टोपली बाजूला ठेवून गाडी उचलायला हात लावला, आणि वर 'बाय, पाय नाय पुरत तर कशाला एवढी मोठी' हेही ऐकवलं.

तेलकट_हात

मला वाटलंच होतं तुम्ही इथे येऊन पोचाल. आता माझं ऐका.

जुनी हिमालयन बघा. ४११ सीसीची. २०१६ ला आली, २०२३ ला ४५० आल्यावर बंद झाली. ताकद कागदावर कमी, चोवीस अश्वशक्ती, पाचच गिअर. पण ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजारालाच मिळतो, त्यामुळे घाटात पिळावी लागत नाही. धीमी चढते, पण न थांबता. सीट ८०० मिमी. पुढे २१ इंच चाक, पुढे २०० आणि मागे १८० मिमी ट्रॅव्हल, जमिनीपासून २२० मिमी क्लिअरन्स, १५ लिटर टाकी. मेन स्टँड आहे. रेडिएटर नाही. मागे धरायला कॅरिअरचा दांडा. हायवेला शंभरच्या वर धापा टाकते, पण जैतापूरच्या रस्त्यावर तुम्ही शंभर करणार आहात का?

वजन आहे, १९९ किलो. हा तिचा दोष मी लपवत नाही. पण वजन खाली बसलंय, आणि दोन्ही तळवे जमिनीला असले की माणूस ते वजन पेलतो. चवड्यांवर १६७ सुद्धा पेलत नाही, ते तुम्ही अनुभवलंत.

२०२० च्या नंतरची, बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) बघा, त्यात मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय आहे. आणि महत्त्वाचं: किनारपट्टीची गाडी घेऊ नका. सांगली, कोल्हापूर, सातारा, घाटावरची घ्या. आपल्याकडची दोन वर्षांची गाडी आणि घाटावरची पाच वर्षांची, गंज सारखाच.

बघायचं काय: मेन स्टँडवर लावून पुढचं चाक हवेत घ्या, हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खटकन अडकतंय असं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. स्पोकच्या मुळाशी, रिमजवळ बोट फिरवा, लाल पावडर आली तर विचार करा. एक एक स्पोक नखाने वाजवा, सगळ्यांचा आवाज सारखा हवा, एखादा 'थड' बोलला तर तो सैल. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. सीट काढून वायरिंग बघा, उंदरांनी कुठे दात मारलेत का. हे शेवटचं नुसतं घेण्याआधी नाही, कोकणात आणल्यावरही दर महिन्याला.

घाटउतार

गॅरेजवाल्या माणसाने जुनी गाडी घ्या सांगणं म्हणजे... :) पण खरं सांगायचं तर माझी आधीची ४११च होती, एकेचाळीस हजार किलोमीटर. या माणसासाठी तीच बरोबर आहे, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. आपल्याकडे जे आहे तेच दुसऱ्याला विकायची खोड जात नाही.

दोघं बसत असाल तर मागचा स्प्रिंग सेट करून घ्या. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि मग 'गाडी दणके मारते' म्हणून सीट बदलतात. मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत. ॲक्सलच्या मधोमधपासून सरळ वर, सीटखाली एका ठिकाणी खडूची खूण. ते अंतर मोजा. मग गाडी खाली, दोघं पूर्ण सामानासकट बसा, तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. फरक एकूण ट्रॅव्हलच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका यावा, म्हणजे १८० ला साठच्या आसपास. नव्वद येत असेल तर मोनोशॉकची (मागच्या एकुलत्या शॉकॲब्सॉर्बरची) रिंग घट्ट करा. नाहीतर गाडी आधीच बसलेली असते, खड्ड्याला द्यायला तिच्याकडे काही उरलेलंच नसतं. वर रात्री हेडलाइट रस्ता सोडून माडांचे शेंडे दाखवतो.

मागच्या_सीटवरून

४११ च्या मागे मी मैत्रिणीबरोबर तवसाळपर्यंत बसले आहे. चढायला बरी. सीटचा मागचा भाग मात्र तुमच्या वहिनींच्या मापाने भरून घ्या. चांगला कुशनवाला रत्नागिरीत असेलच. फोम मऊ सांगू नका, मऊ फोम वीस मिनिटांत तळाला लागतो. घट्ट आणि रुंद सांगा.

बांगडो_तळलेलो

४११ घेतलास तर फेरीर साइड स्टँडाखाली कायतरी ठेवा. माझ्या मामान होडयेच्या मरीन प्लायचो तुकडो कापून दिल्यान, हाताच्या पंज्याएवढो, भोक पाडून सुतळी बांधलेली. स्टँड त्येच्यार ठेवचो, सुतळीचां टोक हँडलाक. गाडयेर बसल्यार सुतळी ओढायची, तुकडो वर. वाकाचां नाय. कमरेक बरां.

कंबरपट्टा

बांगडो, हे मी माझ्या पेशंटना सांगणार आहे.

दुपारचा_वारा

अपडेट २. घेतली. २०२१ ची, सांगलीजवळच्या एका गावातली, एकोणीस हजार चाललेली, एकाच शिक्षकाच्या हातची. तेलकट_हात यांनी सांगितलेलं सगळं तपासलं. स्पोक नखाने वाजवत बसलो तेव्हा गुरुजी म्हणाले, 'तबला लावताय का?' एक 'थड' निघाला, त्याचे पाचशे कमी केले त्यांनी. गाडी, ट्रान्सफर, नवीन चेन-स्प्रॉकेट, टायर, सीट असं सगळं धरून बजेटच्या बऱ्याच आत बसलं. उरलेल्यातून दोघांना चांगली हेल्मेटं.

स्प्रिंग मोजला. मेव्हणा टेप धरून, आम्ही दोघं वर, शेजारीपाजारी गॅलरीत. पहिल्यांदा ८५ आलं. रिंग दोनदा घट्ट केल्यावर ६२. आडिवऱ्याच्या रस्त्यावर फरक लगेच कळला. तिथे पूर्वी मी दात आवळायचो.

आंबा घाट चढलो, तिसऱ्यावर, निवांत. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तो चुकून असावा.

गार्‍हाणी: शहरात रिव्हर्स घेताना वजन जाणवतं, उतारावर नाक करून लावलेली पुन्हा बाहेर काढता येत नाही, हे एकदाच चुकून शिकलो. आठवड्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतो, पाइपाचा जोर न लावता, आणि पडवीत उघडीच ठेवतो, कव्हर न घालता. तेलकट_हात म्हणाले प्लॅस्टिक कव्हरखाली दमट हवा कोंडते. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल. कंबर? परवा एकशे चाळीस किलोमीटर करून आलो आणि स्वतःच्या हाताने बुटाची नाडी सोडली.

पावसाळी_शेवाळ

अभिनंदन! आणि फेरी? फेरीचं सांगा.

दुपारचा_वारा

काल गेलो. जयगडहून. ओहोटी होती, फळी चांगलीच तिरकी, शेवाळ तर होतंच. ही आधीच उतरली, 'मी चालत येते, तू तुझं बघ' म्हणाली. पहिल्या गिअरवर, दोन्ही पाय जमिनीवर घासत, बदकासारखा आत गेलो. दोन्ही पाय! मग गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केली आणि साइड स्टँड काढला.

प्लायचा तुकडा मिरकरवाड्यात होडीचं काम चालतं तिथून मिळवला होता. सुतळीही बांधली होती. पण सुतळी हँडलला अडकवायला मी दोनदा विसरलो आणि तुकडा धक्क्यावर राहिला, मागून एक मुलगा पळत घेऊन आला. तेव्हापासून तो हिच्या पर्समध्ये असतो. गाडी लावली की ही पर्स उघडते, तुकडा काढून खाली ठेवते, मग मी स्टँड टेकवतो. निघताना सुतळी तीच ओढते.

बांगडो_तळलेलो

मामाक सांगतंय.